म्होरकीची पात

भांडन पिकअपमदीच सुरू झालं, गाव सुटायच्या आत. केराबाई म्हनली, हिंदुरावाचं रान एका दिसात उरकायचं न्हाय, दोन दिस धरा. उत्का म्हनली, मी काल फोनवर एक दिस सांगून बसलेय, आता शब्द फिरवायचा न्हाय. केराबाई म्हनली, शब्द तुझा आन् कंबर आमची व्हय? मग काय, जुपली दोघींची. आमी समद्या खुरप्याच्या पिशव्या मांडीवर घेऊन दाटीनं बसलेल्या, खड्डा आला की एकमेकींच्या अंगावर पडत हुतो. श्रीमंत ड्रायव्हर म्होरच्या आरशातनं बघून हसत हुता. नाव श्रीमंत, पन त्याच्या गाडीच्या टायरवर एक नक्षी शिल्लक न्हवती.

उत्काचं खरं नाव उत्कर्षा. एवढं जड नाव आमच्या जिभंला पेलंना, म्हनून उत्का. बारावी शिकलेली पोरगी, इठाबाईची सून. आन् इठाबाई म्हंजी आमच्या खुरपनीच्या टोळीची पयली म्होरकी. तिचं गुडघं गेलं तवा टोळी सांबाळायची कुनी असा सवाल पडला. बागायतदारांशी फोनवर बोलायचं, गाडी सांगायची, काम उक्तं घ्यायचं का रोजानं ते ठरवायचं, ह्याला शिकलेलं मानूस बरं, म्हनून समद्यांनीच उत्काला म्होरकी केली. केराबाईच्या मनात हुतं, आपल्याला करतील. ते काय झालं न्हाय, आन् ते तिच्या मनातनं बी कधी गेलं न्हाय.

पोरगी वाईट न्हवती. पन डोकं गरम, आन् सारखी कुनाच्या तरी म्होरं जायची घाई. एखादीला उशीर झाला की चारचौघीत बोलायची. एखादीच्या पातीत लव्हाळा ऱ्हायला की तो उपटून तिच्या तोंडापुढं धरायची. केराबाई तिच्या माघारी म्हनायची, उतावळा नवरा आन् गुडघ्याला बाशिंग. मी केराबाईलाच दटावायची. म्हनायची, शिकंल बाई, आपन तरी आईच्या पोटातनं शिकून आलो काय?

तर हे पातीचं तुमाला सांगते. खुरपायला बसलं की रानाच्या ह्या बांधापासनं त्या बांधापातूर एकेकीला एकेक पट्टा मिळतो, ती तिची पात. पयली पात म्होरकीची. तिच्या चालीनं बाकीच्यांनी चालायचं. आन् इठाबाईनं एक नेम घालून दिल्याला. म्होरकीची पात बांधाला लागल्याबिगर कुनी उठायचं न्हाय. पान्याला बी न्हाय. जुन्या काळी एक उठली की तिच्यामागं समद्या उठायच्या, आन् मालक बांधावरनं बोलायचा, ह्या बायका काय पानी प्यायलाच आल्यात काय. त्या बोलन्याचा इठाबाईला लई राग. त्या रागानं तिनं नेम केला, आन् त्या नेमानं आमचं नाव झालं. मोडनिंबाकडं कुनालाबी इचारा, म्हनंल, इठाबाईच्या टोळीमागं मालकानं उभं ऱ्हायला नको.

पन रानं बदलली की हो. हिंदुरावाच्या त्या रानात आगुदर मदी एक बांध हुता, बांधाला बाभळी हुत्या. त्यानं जेसीबी आनला, बांध मोडला, बाभळी पाडल्या, दोन तुकड्यांचा एक तुकडा केला. पात झाली दुप्पट. सावली गेली. नेम मातर व्हता तसाच ऱ्हायला. हे आमच्यातल्या एकीच्या बी डोक्यात आलं न्हाय.

चैत सरत आला हुता. उन्हाळी भुईमूग उभा हुता त्या रानात, दुसरी खुरपनी. भुईमुगाचं एक असतं, त्याला आऱ्या सुटून मातीत शिरल्या की रानाला हात लावायचा न्हाय, लावला की शेंगाच जातात. म्हनून हिंदुरावाला घाई. काम उक्तं घेतलेलं, म्हनून उत्काला घाई. आन् सूर्याला काय, त्याला कुनाची फिकीर? धा वाजायच्या आत ढेकूळ हातात धरवंना. वारं असं पडलं हुतं की भुईमुगाचं पान हालत न्हवतं. पान्याची कळशी कुटं, तर पार पल्याडच्या बांधाला, लिंबाखाली.

माझी धाकली जाऊ गजराबाई त्या दिवशी म्होरकीच्या शेजारच्या पातीला बसली हुती. तिच्या पल्याड केराबाई. मी पार शेवटच्या कडंला. गजरा माझ्यापेक्षा लहान, पन आमच्या घरात माझ्या मागनं लगीच आलेली, निम्मं आयुष्य आमी एका चुलीवर काढलं. तिचं बोलनं कमी. जेवायला बसल्यावर कालवन संपलं तर एकदा म्हनायची, हाय का? कुनी ऐकलं न्हाय की कोरडी भाकरी खाऊन उठायची. मी तिला म्हनायची, आगं मेले, तोंड दिलंय देवानं, मागावं मानसानं. ती हसायची.

मी कडंला हुते म्हनून मला काय ऐकू आलं न्हाय. मला दिसलं ते एवढंच, की उत्का मागं वळून गजराला कायतरी रागानं म्हनली. आन् थोड्या येळानं केराबाई वरडली. मी खुरपं टाकून पळत गेले, तर गजरा कुशीवर पडलेली, डोळं उघडं, पन मला बघून वळखीना. अंगाला हात लावला तर तव्यावानी तापलेलं आन् घामाचा टिपूस न्हाय. उत्कानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. कळशी आनली, तोंडावर पानी मारलं, तोंडात घातलं, ते समदं गालावरनं खाली आलं. श्रीमंतनं गाडी अशी हाकली की सांगता सोय न्हाय. पन मोडनिंबाच्या दवाखान्यात पोचायच्या आत ती गेली. माझ्या हातात तिचा हात हुता, मला कळलं. मी कुनाला बोलले न्हाय, दवाखाना येईपातूर तसाच धरून बसले.

डॉक्टर म्हनला, ऊन लागलं.

अजिंक्य, गजराचा ल्योक, सोलापुरातनं कंपनीतनं तसाच आला, अंगात कंपनीचा शर्ट. त्याची बायकू चंद्रिका दुधनीकडची, तिच्या तोंडात रडताना बी कानडीच येतं, 'अव्वा, अव्वा' करून तिनं भुईला डोकं आपटलं. उत्का त्या दिवशी रातपातूर आमच्या दारात बसून हुती. लोक म्हनत हुतं, बघा, म्होरकी असावी तर अशी. म्हातारीचं डोकं मांडीवर घेतलं, गाडी आनली, दवाखान्यात पळाली, सख्खी लेक करनार न्हाय एवढं केलं. अजिंक्यनं तिचं पाय धरलं. मी बी मनात म्हनलं, पोरीनं केलं बाई.

राख सावडून आलो त्या दुपारी केराबाईनं मला गोठ्यामागं बोलवून घेतलं. इकडंतिकडं बघून म्हनली, दगडाबाई, मला झोप लागंना, तुला सांगून मोकळी व्हते. आन् सांगितलं. पात निम्मी झाली हुती तवा गजरा उत्काला म्हनली हुती, वाईच पानी पिऊन येऊ का गं? उत्का म्हनली, एवढी पात लावा की आत्ती, मग समद्याच पिऊ. गजरा परत वाकली. मग थोड्या येळानं तिचं खुरपं कसंबी चालाय लागलं. गवत ऱ्हायलं बाजूला आन् भुईमुगाची झाडंच उपटाय लागली. चाळीस वरसं खुरपं धरलेली बाई, तिला पीक आन् गवत कळंना झालं. आन् उत्कानं ते बघितलं, तर तिला वाटलं आत्तीचं ध्यान न्हाय. तिनं दम दिला, शेंगा कोन भरून देनार हिंदुरावाला? तो तिचा राग मी कडंनं बघितला हुता. त्याच्या मागनं गजरा पडली.

मला काय झालं ते सांगता येत न्हाय. मी तशीच उठले, सुतकात दुसऱ्याच्या दारात जाऊ नये, ते बी इसरले. इठाबाईच्या घरी गेले. उत्का भाकरी थापत हुती. मी उंबऱ्यातनंच म्हनलं, तिनं पानी मागितलं हुतं तुला?

तिचा हात थांबला. मला वाटलं, रडंल, पाया पडंल. पन न्हाय. ती उसळली. म्हनली, मी काय मुद्दाम केलं काय आत्ती? नेम मी केलाय काय? तुमच्याच टोळीचा नेम, तुमीच मला शिकवला. म्होरकी मी एकटी, आन् खापर बी माझ्याच एकटीच्या डोक्यावर? उठायचं हुतं की त्यांनी, मी काय पाय बांधलं हुतं? मी तिला नको नको ते बोलले. ते आता परत सांगत न्हाय. तव्यावरची भाकरी करपली तरी दोघींचं ध्यान न्हाय.

खाटेवर इठाबाई पडून हुती. आमचं समदं ऐकून घेतलं तिनं, आन् मग भिताडाला धरून उठून बसली. सुनंला म्हनली, "नेम माझा, खरं हाय. पन मी हातभर म्होरं सरकले की मागं वळून बायकांची तोंडं बघायची. कुनाचं तोंड सुकलं की मीच उठायची, आन् म्हनायची मला तहान लागली. तुला मी नेम दिला, ते द्यायचं ऱ्हायलं."

उत्का पिठाचा हात तसाच घेऊन परसात गेली. मी घरी आले.

म्होरच्या दिसांत हिंदुराव दोनदा येऊन गेला. मानूस वाईट न्हाय, पन भ्यायलेला. अजिंक्यला म्हनला, लागंल ती मदत मी करतो, पन रानात ऊन लागून गेली असं कुटं बोलू नका, उगंच पोलीस, चौकशी, तुमाला बी तरास आन् मला बी. तिचं काळीज आधीपासनं कमजोर हुतं असं म्हनू. झाकली मूठ सव्वा लाखाची. अजिंक्यचं कशातच ध्यान न्हवतं, त्यानं मान हालवली. हिंदुराव मग उत्काच्या घरी बी जाऊन आला. तिला म्हनला म्हनं, तू गप ऱ्हा, वरीसभराचं माझ्या रानातलं समदं काम तुझ्या टोळीला. हे मला इठाबाईनंच सांगितलं.

केराबाई रोज माझ्या कानाशी. सांग अजिंक्यला, तू थोरली आई हाय त्याची, सांग. मला कळत हुतं, तिला गजराचं जेवढं दुख्ख तेवढीच टोळी बी पायजे हुती. मी म्हनलं, सांगन, पन आता न्हाय. खरं सांगते, मला सांगायचंच न्हवतं. मला बघायचं हुतं, ती पोरगी सोताच्या तोंडानं सांगती का, का आमच्या पोराकडनं पाय धरून घेऊन तशीच हिंडती. न्हाय सांगितलं तर मी तिला गावात ऱ्हाऊ देनार न्हवते.

दहाव्याला ओढ्याच्या कडंला समदा गाव. आताची रीतच झालीया, पिंडं ठेवायच्या आगुदर माइक लावायचा आन् गावातल्या मोठ्यांनी चार शब्द बोलायचं. ज्या बाईनं जल्मात कधी आवाज चढवला न्हाय, तिच्यावर तास तास भाषनं. हिंदुराव बोलला. कष्टाळू बाई हुती म्हनला, काळजाच्या झटक्यानं अचानक आपल्यातनं गेली म्हनला, आन् धोतराच्या सोग्यानं डोळं पुसलं. दुसरी दोघं तसंच बोलली. शेवटाला अजिंक्य उठला. डोकं भादरलेलं, उघडं अंग, गळ्यात उपरनं. म्हनला, माझी आई गेली तवा मी तितं न्हवतो. पन उत्कर्षा वैनी हुत्या. त्यांच्या मांडीवर आई गेली, मी त्यांचं उपकार जल्मभर इसरनार न्हाय.

बायका एका बाजूला बसल्या हुत्या, डोईवर पदर. दहाव्याला बायकांनी बोलायची आमच्यात रीत न्हाय. मी उत्काकडं बघितलं. तिच्या वठाला कोरड पडली हुती, हात मांडीवर गच्च आवळलेलं. मला वाटलं, गेली ही, आता न्हाय बोलायची. आन् ती उठली. माइककडं गेली न्हाय, हुती तितंच उभी ऱ्हायली.

"अजिंक्यभाऊ, माझं उपकार न्हायत. आत्तींनी निम्म्या पातीत माझ्याकडं पानी मागितलं हुतं. मी म्हनलं, पात लावा, मग पिऊ. त्यांना ऊन चढलं, त्यांचा हात पिकावर पडाय लागला, तवा बी मी त्यांनाच रागावले. काळीज त्यांचं बरं हुतं. त्या उन्हानं गेल्या, आन् पानी मी थांबवलं."

माइकचा तेवढा घूं आवाज. हिंदुराव उठून म्हनला, ह्या पोरीचं डोकं ठिकानावर न्हाय, बसवा तिला कुनीतरी. तिचा नवरा गर्दीतनं पुढं आला, त्यानं दंड धरला, तिनं दंड सोडवून घेतला पन बसली न्हाय. अजिंक्यकडंच बघत उभी ऱ्हायली. कुनी मारंल, थुकंल, कायबी करंल, ते घ्यायला उभी हाय असं दिसत हुतं.

अजिंक्यनं तिला एकच इचारलं.

"परत मागितलं का तिनं?"

"न्हाय," उत्का म्हनली. "एकदाच."

"तिचं तसंच हुतं," अजिंक्य म्हनला आन् त्यानं तोंड फिरवलं. "तुमी घरी जावा वैनी. आमच्या दारात परत येऊ नका."

ती गेली. ओढ्याच्या वाळूतनं एकटी गेली, मागनं नवरा बडबडत गेला. मी बसल्या जागंला रडले. गजरासाठी रडले का कुनासाठी, मला म्हाईत न्हाय. मी जे मनात धरून बसले हुते, त्याचं काय करायचं तेच मला कळंना झालं. ती खोटी निघाली असती तर मला राग धरायला सोपं गेलं असतं.

त्याच्या मागनं जे व्हायचं ते झालं. हिंदुरावानं जाहीर सांगितलं, ह्या बाईला माझ्या बांधाला पाय लावू देनार न्हाय. बाकीचं बागायतदार बी त्याच्या मागं. उद्या आमच्या रानात कोन पडलं तर ही माइकवर जाऊन बोलंल, म्हनले. माइकवर कुटं बोलली ती, पन लोकांच्या जिभंला हाड असतं काय? गावातल्या निम्म्या बायका म्हनल्या, मारून वर शानपना. निम्म्या म्हनल्या, मेलेलं मानूस परत येतंय काय बोलून? टोळी केराबाईकडं गेली. मी बी गेले. न जाऊन करू काय, घरात दोन म्हातारी मानसं.

केराबाईची रीत तीच. नेम तोच. मला वाटलं हुतं, एवढं झाल्यावर तरी बदलंल. पन तिला बी मालकाम्होरं नाव करायचं हुतं. भुईमूग निघून दुसरं पीक आलं तवा एक दिवशी हिंदुरावाच्याच रानात, त्याच लांब पातीत, दुपारची मी वाकलेली आन् डोळ्याम्होरं अंधारी आली. मी उठले. केराबाई म्हनली, पात लागू दे की. मी तिच्याकडं बघितलं. ती वरमली, खाली बघाय लागली. मी खुरपं पिशवीत घातलं आन् लिंबाखाली जाऊन पोटभर पानी पिले. आन् तितनं सरळ रस्त्याला लागले.

घरी न जाता उत्काच्या दारात गेले. ती शेळ्यांना पाला तोडत हुती. पार वाळली हुती. मला बघून उठली, पन ये म्हनायचा धीर तिला झाला न्हाय. मीच म्हनलं, परत टोळी कर. ती म्हनली, माझ्या मागं कोन येनार आत्ती? मला काम कोन देनार? आन् मला म्होरकी म्हनवून घ्यायचं तोंड न्हाय. मी म्हनलं, तोंड हाय, ते दहाव्याला बघितलंय समद्यांनी. मी तुला माफ केलं म्हनून आले न्हाय. तुला माफ करनं मला ह्या जल्मी जमंल असं वाटत न्हाय. पन ज्या बाईला कळलंय की आपल्या शब्दानं काय व्हतं, तिच्याच मागं मला जायचंय. दुसरीला ते कळायला अजून एक मानूस मरावं लागंल.

ती तितंच पाल्यात बसून रडली. आधीचा राग न्हवता, कुनावर ढकलनं न्हवतं. मी तिला गप केली न्हाय. रडू दिली.

मग ती निघाली, शेताशेतानं, एकटी. फोनवर न्हाय, पायानं. समद्यांना एकच सांगायची. उजाडायच्या टायमाला येऊ, ऊन चढलं की उठू, उतरल्यावर परत बसू. पानी आमच्याबरोबर पातीत चालंल. लांब रान असंल तर मदी थांबू. काम चोख मिळंल, पन असंच मिळंल. एकानं बांधावरनंच हाकलली. एकजन हसला, म्हनला, तू आता बागायतदारांना नेम शिकवनार व्हय. आधीची उत्का असती तर त्याला तितंच उभा चिरला असता. मी बरोबर हुते. ती म्हनली, दादा, इचार करा, मी परवा परत येते. आन् परवा परत गेली. शेवटाला नातेपुत्याकडनं येऊन हितं रान घेतल्याला एक मानूस हुता, त्याला गावातलं राजकारन म्हाईत न्हवतं, त्यानं हां म्हनलं. त्याच्या मक्याची खुरपनी.

पयल्या दिवशी पिकअपला आमी चारजनी. श्रीमंत म्हनला, एवढ्याशा बायकांसाठी डिझेल कशाला जाळता, रिक्षा करा. उत्का गाडीजवळ उभी, रस्त्याकडं बघत. अजून कोन येतंय का बघत हुती, पन कोन यायचं न्हाय हे तिला बी ठावं हुतं. आमी चढलो, आन् गाडी चालू व्हनार तेवढ्यात आमच्या गल्लीकडनं चंद्रिका आली. डोईला टापसा बांधलेला, हातात गजराचं खुरपं. त्या खुरप्याची मूठ मी वळखते, चिंध्या गुंडाळलेली.

घरात गजराची मजुरी थांबली हुती आन् अजिंक्यच्या एकट्याच्या पगारात भागंना, हे मला म्हाईत हुतं. पन ती केराबाईच्या टोळीला जाईल असंच मी धरलं हुतं. तिकडं गाडी भरून बायका, दारापुढनंच गाडी जायाची. चंद्रिका मागच्या फळीवर येऊन बसली. उत्काचा चेहरा पांढराफटक. ती म्होरं बसली ती रानापातूर मागं वळली न्हाय.

रानात गेल्यावर तिनं पाती लावून दिल्या. म्होरकीची पयली पात, ती तिनं मला दिली. म्हनली, आत्ती, तुमच्या चालीनं जाऊ द्या. सोता मदली धरली, दोन्हीकडची दिसावीत म्हनून. पान्याची कळशी डोईवरनं आनून पातीतच ठेवली, आन् जसं म्होरं सरकू तशी उचलून म्होरं ठेवायची. मका गुडघ्याएवढा, पात्यांनी हात कापत हुतं. सकाळचं ऊन कवळं, तरी पाठ भाजत हुती.

चंद्रिकेला सवय न्हाय. दुधनीला तिच्या बापाचं दुकान, रानात कधी गेली न्हाय पोरगी. लवकरच तिचा हात मंद झाला. ती काय बोलंना. तोंड लाल झालं, वठ सुकला, तरी मान खाली घालून खुरपत हुती. मी हाक मारनार तेवढ्यात उत्का उठली. म्हनली, समद्या उठा, पानी पिऊ. अजून निम्मी बी पात झाली न्हवती.

तिनं तांब्या भरला आन् पयल्यांदा चंद्रिकेकडं गेली. तिच्या म्होरं धरला. चंद्रिकेनं हात म्होरं केला न्हाय. तांब्याकडं बघत बसून ऱ्हायली. आमी बाकीच्या तिघी मक्यात उभ्या हुतो. उत्का तांब्या तसाच धरून उभी ऱ्हायली.

"वैनी," चंद्रिका म्हनली, वर न बघता, "तुमच्या हातचं पानी मला जात न्हाय. जाईल असं वाटत बी न्हाय. पन टोळीत मी तुमच्याच येनार."

"व्हय," उत्का म्हनली. "ये."

तिनं तांब्या खाली मातीत ठेवला आन् चार पावलं मागं सरकली, पाठ करून उभी ऱ्हायली. चंद्रिकेनं तांब्या उचलला आन् समदं पानी पिली, एका दमात, गळ्यावरनं वघळ गेला तरी थांबली न्हाय. तांब्या जिथल्या तिथं ठिवला. उत्कानं वळून तो घेतला, परत भरला, आन् म्होरच्या दोघींना दिला. मग मला दिला. सोता शेवटाला पिली. रडत हुती. मग तिनं कळशी उचलून म्होरं नेऊन ठेवली, आन् आमी परत खाली बसलो.